यादवी युद्धांतील शिपायांचीं पत्रें

दोन राष्ट्रांमधील युद्धाहून एकाच राष्ट्रांतील यादवी अधिक दारुण असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गुलामगिरीच्या प्रश्नावरून अशी यादवी पेटली व ती १८६१ पासून १८६५ पर्यंत चालली. तींतील सेनापतींचे डावपेच आणि अध्यक्ष लिंकन यांचीं भाषणें सर्वश्रुत आहेत. परंतु ज्या लक्षावधि शेतकऱ्यांनीं, कारागिरांनीं व कारकुनांनीं हें युद्ध अंगावर घेतलें, त्यांच्या मनांत काय चाललें होतें? तें जाणण्याचें मुख्य साधन म्हणजे त्यांनीं घरीं धाडलेलीं पत्रें.

हीं पत्रें विपुल आहेत. उत्तरेकडील गोऱ्या शिपायांपैकीं सुमारें नऊदशांश आणि दक्षिणेकडील शिपायांपैकीं सुमारें चारपंचमांश लोक साक्षर होते. उत्तरेंत साध्या पत्रास तीन सेंट टपालहंशील पडे. परंतु पगार महिनोन्महिने थकत, तेव्हां तेवढेही पैसे पुष्कळदां गांठीं नसत. म्हणून हंशील पत्र घेणाराकडून वसूल करण्याची सवलत १८६१ सालीं कायद्यानें शिपायांना मिळाली. दक्षिणेंत कागदाचाच दुष्काळ पडला. तेथें आलेलें पाकीट उलटून पुन्हा वापरीत, भिंतीस चिकटविण्याच्या कागदाच्या पाठीवर मजकूर लिहीत, आणि जागा संपली कीं कागद आडवा धरून लिहिलेल्या ओळींवरूनच दुसऱ्या ओळी काढीत.

महत्त्वाची गोष्ट ही कीं, या पत्रांवर लष्करी तपासनिसाची कात्री सहसा फिरत नसे. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें लढणाऱ्या हिंदी शिपायांचीं पत्रें सरकारी कचेरींत उघडून वाचलीं जात. अमेरिकन शिपाई मात्र मोकळेपणानें लिही. दगडासारखीं बिस्किटें, अंगावरील उवा, अधिकाऱ्यांचा मूर्खपणा, आणि या सर्वांमधून डोकावणारी घरच्या पिकाची व गुराढोरांची चिंता, असा त्यांतील मजकूर असतो. शब्द उच्चाराप्रमाणें लिहिलेले असल्यामुळें त्यांची बोलीही जणूं कानीं पडते. तथापि प्रत्येक पत्र सर्वस्वीं प्रमाण मानतां येत नाहीं. आईस घोर लागूं नये म्हणून आजार दडविलेला असे, आणि स्वतःचें भय तर बहुधा झांकलेलेंच असे. जेम्स मॅक्फर्सन या इतिहासकारानें पंचवीस हजारांहून अधिक पत्रें वाचून १९९७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यावरून दिसतें कीं, हे लोक केवळ हुकमाचे ताबेदार नव्हते. आपण कशासाठीं लढत आहों याचा ते विचार करीत.

काळ्या शिपायांच्या पत्रांत हा विचार विशेष धारदार होतो. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणींतील कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग यानें २८ सप्टेंबर १८६३ रोजीं थेट लिंकन यांस पत्र लिहिलें. गोऱ्या शिपायास दरमहा तेरा डॉलर मिळत. काळ्यास दहा, आणि त्यांतूनही कपड्यांपोटीं तीन कापले जात. आम्ही शिपाई आहों कीं मजूर, असा त्याचा सवाल होता. १८६४ च्या जूनमध्यें काँग्रेसनें समान वेतनाचा कायदा केला. पण पुढच्याच महिन्यांत गुडिंग अँडरसनव्हिलच्या बंदिवासांत मरण पावला. गुलामगिरींतून सुटून सैन्यांत शिरलेल्या स्पॉट्सवुड राइस याच्या मुली मिसूरींत अद्याप गुलामच होत्या. १८६४ च्या सप्टेंबरांत सेंट लुइसच्या इस्पितळांतून त्यानें मुलींना धीर दिला, आणि एकीच्या मालकिणीस निराळ्या पत्रानें बजावलें कीं, मूल माझें आहे व तें नेण्यास मी फौजेसह येत आहें.

या युद्धांत सहा लाखांहून अधिक शिपाई मृत्यू पावले. त्यांतील बहुतेक रोगानें. त्या काळीं शिपायास सरकारी ओळखीचा बिल्ला नसे आणि मृत्यूची वार्ता घरीं कळविण्याची खात्रीची व्यवस्थाही नव्हती. १८६४ सालीं कोल्ड हार्बरच्या हल्ल्यापूर्वीं शिपाई नांवगांव लिहिलेल्या चिठ्ठ्या आपल्या डगल्यांच्या पाठीस टांचीत होते, असें होरेस पोर्टर या अधिकाऱ्यानें आठवणींत नमूद केलें आहे. निधनाची वार्ता बहुधा मृताचा सोबतीच लिही. तो कसा पडला, शेवटीं काय बोलला, त्यानें देवाचें नांव घेतलें कीं नाहीं, त्यास कोठें पुरलें, हें सारें तो सांगे. सहस्रावधि घराण्यांना आपल्या माणसाची कबर कधींच सांपडली नाहीं. त्यांच्या हातीं उरलें तें एवढेंच पत्र. म्हणून तें पिढ्यानपिढ्या जपलें गेलें, आणि म्हणूनच इतिहासाला सामान्य माणसाचा शब्द लाभला.