देवाचा दरबार आणि घरची उपासना

ख्रिस्ती उपासना म्हटली की चर्चचा मनोरा, घंटा, रांगेने मांडलेली बाके आणि वेदीपाशी उभे असलेले धर्मगुरू असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु या धर्माच्या आरंभी असे काहीच नव्हते. पहिली सुमारे तीन शतके ख्रिस्तानुयायी बहुतकरून एकमेकांच्या घरी जमत. तंबू शिवून चरितार्थ चालविणाऱ्या प्रिस्किल्ला आणि अक्विला या दांपत्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला संत पौलाने आपल्या पत्रातून सलाम पाठविला आहे. सीरियातील दुरा-युरोपोस येथे उत्खननात सापडलेले उपासनागृह हेही मुळात एक राहते घर होते, इ. स. २४० च्या सुमारास त्यात उपासनेची सोय करण्यात आली. पुढे ३१३ साली रोमन साम्राज्यात या धर्माला मोकळीक मिळाली आणि मग भव्य मंदिरे उभी राहू लागली. पण घराचा उंबरठा ख्रिस्ती भक्तीने कधीच पुरता सोडला नाही.

गोव्यात हे सहज पाहावयास मिळते. गावातील ख्रिस्ती शेजारीपाजारी एखाद्याच्या घरी किंवा वाटेवरील क्रुसापाशी संध्याकाळी जमतात, मेणबत्त्या लावतात आणि लदीन गातात. त्यासाठी पाद्री हवाच असे नाही. शेवटी उकडलेल्या चण्यांची वाटणी होते. याच भूमीत १५७९ साली आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी पुराण ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते राचोल येथे छापले गेले. परक्या देशाच्या या माणसाने मराठी भाषेचे जे कौतुक केले आहे, त्याचा आपल्याला आजही अभिमान वाटतो. भक्ती ओळखीच्या चालीत आली की ती घरात वसते, हे त्यांनी जाणले होते.

हाच प्रश्न तीनशे वर्षांनी एका मराठी कवीच्या जिवाला लागला. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे कोकणातील करजगावचे. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी धर्मांतर म्हणजे नुसते मतांतर नव्हते. घर, पंगत, आप्तस्वकीय हे सारेच तुटत असे. पतिपत्नींची ताटातूट झाली आणि ती कित्येक वर्षे टिकली. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त ही हकीकत कोणताही आव न आणता सांगितली आहे, आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ती वाचलीच असेल.

ख्रिस्त आपला वाटावा, तर त्याची उपासनाही आपल्या वळणाची असावी, असे टिळकांचे मत बनले. त्यांनी अभंग रचले, भजने लिहिली, ख्रिस्तचरित्रावर कीर्तने केली. तेवढ्यानेही त्यांचे समाधान झाले नाही. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून ते साताऱ्यास राहिले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ भरविला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र बसावेत, ही त्यामागील कल्पना. आपल्या माणसांत राहूनच ख्रिस्ताचे शिष्य होता आले पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि दरबारही फार काळ टिकला नाही. त्यामुळे तो फसला, असे म्हणावयाचे काय? आम्हांस तसे वाटत नाही; मात्र त्यातील अडचण नजरेआड करणेही योग्य नव्हे. प्रार्थनेला चार माणसे आणि एक चटई पुरते. पण मुलाचे नामकरण, मुलीचे लग्न, घरातील मृत्यू अशा प्रसंगी मागे उभी राहणारी मंडळी लागते. बाप्तिस्मा न घेतलेल्या भक्ताच्या देहाचे अंत्यसंस्कार कोणी करावयाचे, असा प्रश्न आला की भजन थांबते आणि व्यवहार सुरू होतो. मंदिराच्या भिंती भक्तीला आवळतात हे खरे. पण वादळवाऱ्यात त्याच भिंती आसराही देतात.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. कुलदैवत दूर राहिले तेव्हा आपल्या वाडवडिलांनी देव्हाऱ्यापुढेच आरती म्हटली आणि शेजारचे चार मराठी चेहरे गोळा करून भजनी मंडळ चालविले. पुढे गणेशोत्सव आणि महाराष्ट्र मंडळे आली, ती गरज ओळखूनच. घर आणि संस्था या दोहोंचे काम वेगळे आहे. एकाने दुसऱ्याचे करू म्हटले तर निभत नाही.

टिळकांचा दरबार उठला, परंतु त्यांची गाणी राहिली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा मोठा वाटा आहे आणि त्या चर्चमध्ये तशाच घरोघरीही गाइल्या जातात. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते पुढे नेण्याचे काम, एके काळी त्यांच्यापासून दुरावलेल्या लक्ष्मीबाईंनीच हाती घेतले.