बाईंचा आवाज

माझी आई परळच्या एका मराठी शाळेत गेली वीस वर्षे शिकवते आहे. आम्ही लालबागला चाळीत राहतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचा आवाज बसू लागला. सोमवारी नुसता घोगरा असे, गुरुवारी निम्मा उरे आणि शनिवारी ती आम्हांला हातवारे करून जेवायला बोलावी. आम्ही हसत असू, हे आज लिहिताना लाज वाटते. ज्येष्ठमध, हळद-दूध, मिठाच्या गुळण्या यांत तीन महिने गेले. शेवटी डॉक्टरांनी दुर्बिणीने घसा पाहिला, तेव्हा दोन्ही स्वररज्जूंवर लहान गाठी निघाल्या. त्या साध्या आहेत हे कळेपर्यंतचे दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही.

या गाठी म्हणजे एक प्रकारचे घट्टेच. आपण बोलतो तेव्हा घशातल्या दोन पातळ घड्या एकमेकींवर आपटतात. पुरुषांच्या सेकंदाला साधारण सव्वाशे वेळा, तर स्त्रियांच्या सुमारे दोनशे वेळा. पस्तीस मिनिटांच्या तासात बाई पंधरा मिनिटे जरी प्रत्यक्ष बोलल्या, तरी हा हिशेब एक लाख ऐंशी हजारांवर जातो. असे दिवसाला सहा तास! हमालाच्या खांद्याला घट्टा पडला तर तो दिसतो, हा दिसत नाही एवढेच.

त्यात आईचा वर्ग रस्त्याच्या बाजूला. शाळेभोवतालचे शंभर मीटर हे शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात, आणि तेथे दिवसा पन्नास डेसिबलपेक्षा अधिक आवाज नको, असा २००० सालचा नियम आहे. साधे संभाषणच साठच्या आसपास असते; मग आमच्या आंबेडकर रस्त्यावरच्या बसगाड्यांविषयी काय सांगावे! भोवताली गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे लोंबार नावाच्या फ्रेंच वैद्याने १९११ मध्येच दाखवून दिले. बाई आवाज चढवतात, साठ मुले त्यावर चढवतात, आणि पुन्हा बाई.

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया नको म्हटले, सवयी बदला म्हटले. सारखे खाकरायचे नाही, कारण त्याने गाठीवरच घाव बसतो. कुजबुजायचेही नाही, त्यानेही ताण पडतो. फळ्याकडे तोंड करून बोलायचे नाही. आधी लिहावे, मग वळावे. आणि दिवसभर घोटघोट पाणी प्यावे.

हे शेवटचे सर्वांत सोपे, असे मला वाटले होते. आई म्हणाली, "अरे, पाणी पिऊन जायचे कुठे?" चौदा शिक्षिकांना एकच स्वच्छतागृह, तेही दुसऱ्या मजल्यावर, आणि ऑफ तासाला हमखास कोणाच्या तरी वर्गाची प्रॉक्सी. म्हणून कित्येक बायका सकाळी घरून निघाल्यावर शाळा सुटेपर्यंत पाण्याला शिवत नाहीत. शिक्षकाने स्वतःची काळजी घ्यावी, हा उपदेश मला तेव्हापासून अर्धाच वाटतो. उरलेला अर्धा मुख्याध्यापकांच्या वेळापत्रकात असतो.

कागदावर तो आहेही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे किमान पंचेचाळीस तास मोजताना तयारीचा वेळ त्यातच धरला आहे. जनगणना, निवडणुका आणि आपत्तीतील मदत सोडून शिक्षणाबाहेरची कामे देऊ नयेत, असेही कलम आहे. त्याच्याही आधी, ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिसला शिक्षकांच्या दर्जाविषयी ज्या आंतरराष्ट्रीय शिफारशी मंजूर झाल्या, त्यांत शिक्षकांची ठराविक काळाने मोफत वैद्यकीय तपासणी व्हावी असे म्हटले आहे. आईची पहिली तपासणी आवाज गेल्यावर झाली. असो.

खरा उपाय सुचला तो आजोबांना. ते गिरणीत साच्याखात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. मागांच्या खडखडाटात तेथे कोणी ओरडत नसे. धागा तुटला, जॉबर आला, चहा आला, सगळे हातांच्या खुणांनी आणि ओठांच्या हालचालींनी चाले. ते म्हणाले, "सूनबाई, आवाजाशी भांडायचं नाही. आम्ही भांडलो नाही, तरी कान गेलेच. निदान घसा तरी राहिला." आईने वर्गात पाच खुणा ठरवल्या : वह्या काढा, गप्प बसा, उभे राहा, पुन्हा सांगा, शाबास. पोरांना तो खेळ इतका आवडला की आठवड्याभरात त्यांनी सहावी खूण स्वतःच काढली, ती 'बाई, पाणी प्या' अशी आहे.

शाळेनेही थोडे केले. आईचा वर्ग आतल्या चौकाकडे हलवला, तिसऱ्या तासानंतरची प्रॉक्सी काढली, आणि वर्गात वापरायला गळ्यात अडकवण्याचा लहान ध्वनिवर्धक घेतला. सहा महिन्यांनी दुर्बिणीत एक गाठ विरलेली दिसली, दुसरी लहान झाली आहे. स्वच्छतागृह मात्र अजून एकच आहे. त्यासाठी शिक्षिकांनी चौदा सह्यांचा अर्ज दिला आहे. तो आईच्याच हस्ताक्षरात आहे.