नाण्याची भूक आणि घरातले भुयार

अटारी गेम्सने ऑक्टोबर १९८५ मध्ये बाजारात आणलेला ‘गॉन्टलेट’ हा भुयारी खेळांच्या इतिहासातला मध्यवर्ती टप्पा मानावा लागतो. कारण वरून दिसणारा भिंतींचा चक्रव्यूह, राक्षसांच्या झुंडी आणि एकाच पडद्यावर एकमेकांच्या साथीने लढणारे चार खेळाडू ही मांडणी गेम पार्लरमध्ये रुजवली ती त्यानेच. त्याचे रचनाकार एड लॉग यांच्या नावावर त्याआधी ‘ॲस्टेरॉइड्स’ आणि ‘सेंटिपीड’ जमा होते. मात्र गॉन्टलेटचा साचा सर्वस्वी नवा नव्हता. जॉन पॅलेविच यांनी एमआयटीत विद्यार्थी असताना लिहिलेला ‘डँडी’ हा चौघांचा भुयारी खेळ अटारीच्याच घरगुती संगणकावर १९८३ मध्ये आला होता आणि लॉग यांनी त्यापासून प्रेरणा घेतली होती. ज्या यंत्राच्या नंतर घरोघरी नकला झाल्या, ते स्वतःच एका घरगुती खेळाचे ऋणी होते, हे ध्यानात घेतले की ‘नक्कल’ हा शब्द तुच्छतेने उच्चारता येत नाही.

गॉन्टलेटचा खरा प्राण त्याच्या हिशेबात आहे. योद्धा, वीरांगना, जादूगार आणि एल्फ या चौघांच्या नावापुढे जीवनशक्तीचा आकडा असतो आणि शत्रूने स्पर्शही केला नाही तरी तो सतत उतरत राहतो. भुयारात सापडलेले अन्न तो वाढवते, नाहीतर यंत्रात आणखी एक नाणे टाकावे लागते. राक्षस ज्यांतून अखंड निपजतात ती उगमस्थाने फोडल्याशिवाय झुंड आटत नाही, त्यामुळे थांबून राहणाऱ्याचे नुकसान दुहेरी होते. अशा वेळी कसलेला खेळाडू अरुंद वाटेच्या तोंडाशी उभा राहतो, म्हणजे गर्दीला एकेक करून पुढे यावे लागते. देवगिरीच्या किल्ल्यातील ‘अंधारी’ हा खडकातला काळोखा, वळणावळणाचा मार्ग याच तत्त्वावर मोठ्या सैन्याचे संख्याबळ निरुपयोगी करतो.

घरी मात्र नाणे नाही, आणि इथेच या परंपरेचा सर्वांत रोचक भाग सुरू होतो. यू. एस. गोल्डने १९८६ मध्ये ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’साठी गॉन्टलेटची अधिकृत आवृत्ती काढली तेव्हा ४८ के स्मृतीच्या आणि आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग दाखवू शकणाऱ्या त्या संगणकावर चार खेळाडूंचे दोनच झाले आणि पुढचे मजले टेपवरून टप्प्याटप्प्याने वाचावे लागू लागले. हाच स्पेक्ट्रम १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याने भारतात विकला. इथल्या एखाद्या घरात असे भुयार पोहोचायचे तर ते पार्लरच्या अवजड यंत्रातून नव्हे, टीव्ही आणि टेपरेकॉर्डर यांना जोडलेल्या या छोट्या पेटीतूनच पोहोचू शकत होते. म्हणून इथल्या वाचकाने या घरगुती आवृत्त्यांकडे मूळ कृतीची उष्टावळ म्हणून पाहू नये.

अनुकरण करणाऱ्यांपैकी चांगल्यांनी नाण्याची जागा कशाने भरायची याचा गांभीर्याने विचार केला. ‘ड्रुइड’ने (१९८६) मंत्रांचा साठा मर्यादित ठेवला आणि जादूगाराच्या मदतीला गोलेम, म्हणजे मंत्राने चालणारा मातीचा पुतळा, दिला; दुसरा खेळाडू हा पुतळा चालवू शकत असे, त्यामुळे सोबतीचे नाते बरोबरीचे न राहता स्वामी-सेवकाचे झाले. स्टीव्ह टर्नर यांच्या ‘रानारामा’त (१९८७) नायक चक्क बेडूक झालेला जादूगार आहे, खोलीत पाऊल टाकल्याशिवाय ती दिसत नाही आणि शत्रू-मांत्रिकाशी गाठ पडली की उलटसुलट अक्षरे ठरलेल्या वेळात जुळवावी लागतात. या सर्व खेळांत रानारामाच सर्वांत स्वतंत्र बुद्धीचा म्हणावा लागेल.

बीबीसी मायक्रो संगणकावरचा ‘डंजन्झ’ (१९८७) भारताच्या संदर्भात विशेष लक्षात घ्यावा असा आहे, कारण केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या संगणक साक्षरता प्रकल्पातून १९८४-८५ पासून देशातील निवडक शाळांत हाच संगणक दाखल झाला होता. गॉन्टलेटमध्ये चौघे एकाच दृश्याला बांधलेले असल्यामुळे कुणालाच फार दूर जाता येत नाही. डंजन्झने पडद्याचे चार भाग करून प्रत्येकाला स्वतःची खिडकी दिली आणि एकत्र राहणे ही सक्ती न उरता निवड झाली.

निन्टेंडोच्या घरगुती यंत्रासाठी टेंजेनने काढलेल्या गॉन्टलेटच्या आवृत्तीत एक पवित्र गोल शोधण्याचे उद्दिष्ट आले, म्हणजे नाणी संपेपर्यंत चालणाऱ्या खेळाला शेवट मिळाला. वैयक्तिक संगणकावर जॉन कारमॅक यांनी १९८९-९० च्या सुमारास ‘कॅटाकोम’ हा गॉन्टलेटच्या धर्तीवरचा, वरून दिसणारा खेळ लिहिला आणि १९९१ मध्ये ‘कॅटाकोम थ्री-डी’त तेच भुयार आत उभे राहून पाहणाऱ्याच्या नजरेने मांडले; पुढल्याच वर्षी आलेला ‘वुल्फेनस्टाइन थ्री-डी’ आणि १९९३ चा ‘डूम’ याच वाटेने आले.