स्टेंटच्या आधीचं काम

कॅथलॅबमध्ये डाय सोडण्याआधीच मॉनिटरवर दोन समांतर करड्या रेघा दिसू लागल्या. हृदयाच्या ठोक्याबरोबर त्या हलत होत्या. डायशिवाय रक्तवाहिनी एरवी दिसत नाही. इथे ती भिंतीत साचलेल्या कॅल्शियममुळे दिसत होती.

पेशंट सत्तरीचे, मधुमेह जुना. मनगटातून नळी गेलेली, पण पूर्ण शुद्धीवर. "काका, छातीत दुखलं तर लगेच सांगा हं," म्हणत डॉक्टरांनी फुगा फुगवला. तो दोन्ही टोकांना उघडला आणि मध्ये डमरूसारखा आवळलेलाच राहिला. इथे स्टेंट टाकला असता तर तोही मध्ये नीट उघडला नसता, आणि अशा स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून आधी कॅल्शियम घासायचं ठरलं.

त्यासाठीचं यंत्र म्हणजे रोटाब्लेटर. त्याचं टोक दीड मिलिमीटर जाडीचं, पुढच्या बाजूला हिऱ्याचे सूक्ष्म कण बसवलेले. गॅसच्या दाबावर ते मिनिटाला सुमारे 1.5 लाख फेरे घेतं. कडक भाग घासला जातो, लवचीक भिंत बाजूला सरते. भुकटीचे बहुतेक कण तांबड्या पेशींहून लहान असतात, ते रक्तातून वाहून जातात.

यंत्र सुरू झालं की बारीक, चिरका आवाज येतो. टोक कॅल्शियमला भिडलं की तो किंचित खाली उतरतो. डॉक्टरांचे डोळे पडद्यावर, पण कान त्या आवाजावर. टोक जरा पुढे, लगेच मागे. रेटायचं अजिबात नाही. रेटलं तर ते अडकू शकतं, भिंत फाटूही शकते. टेक्निशियन फेऱ्यांचा आकडा मोठ्याने सांगत होता. जेमतेम 20 सेकंद झाले की थांबायचं, ईसीजी बघायचा, रक्तप्रवाह सावरू द्यायचा, मग पुन्हा. नातेवाईक बाहेर "किती स्टेंट टाकले?" एवढंच विचारतात. स्टेंट टिकतो तो या धीराच्या कामावर, असं मला मनापासून वाटतं.

नंतर रक्तवाहिनी आतून बघायला ओसीटीचा कॅमेरा गेला. कॅल्शियमच्या कड्याला तडे गेलेले स्पष्ट दिसले. आता फुगा सरळ उघडला, स्टेंट बसला.

बाहेर मुलाने विचारलं, "आता बाबांचं दूध-नाचणी बंद करायची का?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरातून येतो, म्हणे. डॉक्टरांनी बसून समजावलं: हे ताटातलं कॅल्शियम जाऊन साचलेलं नाही. भिंतीत चरबी साठते, वर्षानुवर्षं दाह राहतो, तिथल्या स्नायूपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि कॅल्शियम धरतात. मधुमेह, तंबाखू, रक्तदाब, किडनीचा आजार याला हातभार लावतात. "दूध-नाचणी चालू द्या. आणि स्टॅटिन सोडू नका. त्याने साचलेलं कॅल्शियम निघत नाही, सीटी स्कॅनमधला स्कोअर कधी वाढलेलाही दिसतो, पण चरबीचा थर पक्का होतो, फुटायची भीती कमी होते. आणि तुमचीही साखर एकदा तपासून घ्या."