काळा रंग टिकावा म्हणून

आमच्या घराण्यात लिहिलेला कागद नाही. आहे तो पणजीचा एक कृष्णधवल फोटो. त्याची नवी प्रत काढायची तर ती किती टिकेल, हे आधी पाहायला हवे.

इंकजेट प्रिंटरच्या शाया मुख्यतः दोन जातींच्या. डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो. प्रकाश आणि हवेतला ओझोन यांनी त्याचे रेणू लवकर मोडतात व फोटो विटतो. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण असतात; कणाचा बाहेरचा थर झिजला तरी आतला उरतो. काळ्या पिगमेंटमध्ये असतो कार्बन, म्हणजे काजळीच! आपल्या जुन्या पोथ्या काजळाच्या शाईने लिहीत. शेकडो वर्षांनीही त्यांतली अक्षरे काळीभोर आहेत.

मित्रहो, प्रिंटर निवडताना काळ्याखेरीज करड्या शाईचीही वेगळी कार्ट्रिज आहेत का, ते पाहावे. नसल्यास करडी छटा बरीचशी रंगीत शाया मिसळून तयार होते, आणि कार्बनच्या आधी विटतात त्या रंगीत शायाच. कागद सुती व आम्लरहित असावा. फोटो काचेमागे, उन्हापासून दूर लावावा.

ही शाई महाग पडते, हे खरे. तरी दुकानात यंत्राच्या किमतीआधी शाईची जात विचारावी.