पाव किलो खाजा, आठवड्याच्या हिशेबात

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सिंधुदुर्गात जत्रांचा मोसम सुरू होतो आणि तो महाशिवरात्रीपर्यंत चालतो. देवगड तालुक्यातल्या मिठबावला समुद्राकाठी गजबादेवीचं देऊळ आहे. उत्तरेला जवळच कुणकेश्वर, तिथली महाशिवरात्रीची यात्रा मोठी. दक्षिणेला मालवण तालुक्यातली आंगणेवाडी. तिथल्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते, आणि ती जाहीर झाली की मुंबईच्या चाकरमान्यांची रेल्वेच्या तिकिटांसाठी झुंबड उडते. मधल्या काळात गावोगावचे दहीकाले आणि रात्र रात्र रंगणारे दशावतार असतातच. वजन उतरवण्यासाठी कॅलरी मोजून जेवणाऱ्या माणसाला या दिवसांत हमखास एक सल्ला मिळतो: देवीचं दर्शन घ्या, पण खाजाच्या दुकानाकडे बघू नका. हा सल्ला चुकीचा आहे असं माझं मत आहे. खाजा खावा, मोजून खावा, आणि त्याची भरपाई रोजच्या ज्या गोष्टींकडे आपलं लक्षच नसतं तिथून करावी.

आधी खाजाबद्दल सविस्तर, कारण मालवणी जत्रेतला तो खरा मानकरी. उत्तर भारतात खाजा म्हणतात तो मैद्याचा, पदर सुटलेला पदार्थ. त्याचा याच्याशी संबंध नाही. आपला खाजा चणाडाळीच्या पिठाचा. पीठ घट्ट मळायचं, मोठ्या भोकांच्या साच्यातून जाड शेवेसारखं पाडायचं, तेलात कडक तळायचं आणि बोटाएवढ्या कांड्या करून बाजूला ठेवायच्या. मग मोठ्या कढईत गुळाचा पाक होतो, त्यात आलं पडतं. कुणी तीळही घालतो. पाक नेमका आटला की कांड्या त्यात टाकून झाऱ्याने सतत हलवत राहायचं. हलवता हलवता गूळ सुकतो आणि प्रत्येक कांडीवर खडबडीत, फिकट लेप बसतो. गूळ कमी आटला तर खाजा चिकटतो, जास्त आटला तर लेप गळून पडतो. चांगला खाजा दाताखाली आधी गोड लागतो, मग कुरकुरतो आणि शेवटी आल्याचा झणका घशात उतरतो. तो झणका आला नाही तर दुकान बदलावं. शेजारी शेंगदाण्याचे लाडू आणि खडखडे लाडू रचलेले असतात, पण जत्रेहून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला शेजारीपाजारी विचारतात ते खाजाबद्दलच.

आता त्याचं गणित. पीठ आणि गूळ दोन्हींच्या १०० ग्रॅममध्ये साधारण पावणेचारशे ते चारशे कॅलरी, आणि तेलाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ९. खाजात पाणी जवळजवळ उरतच नाही, म्हणून १०० ग्रॅम खाजाच्या साडेचारशे कॅलरी धरायला हरकत नाही. म्हणजे पाव किलोच्या सव्वाअकराशे. आकडा ऐकून धसका बसतो. पण हाच आकडा चहाशेजारी ठेवून बघा. दिवसाला चार कप आणि कपात दोन चमचे साखर ही कोकणातल्या कितीतरी घरांतली साधी रीत. आठ चमचे म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. आठवड्याच्या ११२०. घोटाघोटाने, फारशी चवही न घेता, दर आठवड्याला पाव किलो खाजाइतकी ऊर्जा पोटात जाते आणि तिची नोंद कुणाच्या वहीत होत नाही. अपवादाला आपण घाबरतो आणि सवयीला माफ करतो, ही खरी अडचण.

तेलाचंही तेच. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल तर ते माणशी रोज पावणेतीनशे कॅलरींच्या आसपास जातं. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे कॅलरी, म्हणजे अर्ध्या नारळाचं वाटप चौघांच्या आमटीत गेलं तर प्रत्येकी शंभरेक. खोबरं सोडा असं मी म्हणणार नाही. खोबऱ्याशिवायची माशाची कढी या किनाऱ्यावर कुणी पानात घेणार नाही. पण वाटप करताना नारळ मुठीने घ्यायचा की वाटीने, एवढा फरक पुरतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या आकड्यांनुसार बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला दिवसाला १६६० आणि ६५ किलोच्या पुरुषाला २११० कॅलरी लागतात. त्या स्त्रीने वजन उतरवायला रोजच्या १४०० ठरवल्या तर आठवड्याच्या ९८०० झाल्या. जत्रेच्या दिवशी ८०० जादा गेल्या तर उरलेल्या सहा दिवसांवर रोजचा भार येतो सव्वाशे-दीडशेचा. एक मोठा चमचा तेल, किंवा चहातली बहुतेक साखर. त्यासाठी उपाशी राहायचं काम नाही.

कॅलरीचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी १८९०च्या दशकात अन्नाची ऊर्जा मोजण्याची पद्धत बसवली आणि लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंनी १९१८ साली पुस्तक लिहून ती सामान्यांच्या स्वयंपाकघरात नेली. तेव्हापासून मोजणाऱ्यांचे दोन तट पडले: कडक आणि लवचीक. १९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि मग चव बघण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम हवं तेवढं खाऊ दिलं. एरवी मनमोकळं खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत पथ्यावर असणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, आता कशाला थांबा, असा तो प्रकार. जर्मनीत योआखिम वेस्टनहोफर यांनी पुढे दाखवलं की ‘हे कधीच नाही’ असे नियम पाळणाऱ्यांपेक्षा ‘आज खाल्लं, उद्या कमी’ असं धोरण ठेवणाऱ्यांचा खाण्यावरचा ताबा कमी वेळा सुटतो आणि त्यांचं वजनही तुलनेने कमी असतं. यातून कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही हे खरं, पण कडक पथ्याच्या बाजूने याहून बळकट पुरावा माझ्या वाचनात नाही.

यावर पहिला आक्षेप सणांचाच. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सणासुदीच्या आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी ३७० ग्रॅमच वाढलेलं दिसलं, पण ते नंतर उतरलं नाही. वर्षानुवर्षं हेच साचत जातं. तेव्हा सणात चालतं हे म्हणणं धोक्याचं नाही का? आहे, सण सहा आठवड्यांचा झाला तर. आपल्याकडे नेमकं हेच घडतं आहे. जुन्या पंचांगाने गोडाला तारखा लावून दिल्या होत्या: नागपंचमीला पातोळ्या, चतुर्थीला मोदक, जत्रेला खाजा. आता खाजा बाराही महिने दुकानात प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळतो, आणि चाकरमानी परतताना किलोकिलोने मुंबईला नेतो. ज्या पदार्थाला तारीख उरली नाही तो अपवाद राहत नाही. म्हणून माझ्या मते तारीख ठेवा आणि पिशवी लहान ठेवा. अर्ध्या किलोच्या पिशवीत २२५० कॅलरी आहेत, बैठं काम करणाऱ्या पुरुषाच्या दिवसाच्या गरजेहून जास्त, आणि टीव्हीपुढे ती दोन बैठकांत संपते.

दुसरा युक्तिवाद गुळाचा. खाजात साखर नाही, गूळ आहे, आलं आहे, डाळीचं पीठ आहे, मग काय बिघडलं? डाळीच्या पिठातल्या प्रथिनांचं श्रेय द्यायलाच हवं. पण गूळ आणि साखर यांच्या कॅलरी जवळजवळ सारख्याच. पौष्टिक म्हणून जास्त खाल्लेला गूळ कमरेला ओळख दाखवत नाही. मोदकाचंही असंच: २० ग्रॅम तांदळाची पिठी, तेवढंच खोबरं आणि १५ ग्रॅम गूळ धरला तर एकाच्या दोनशे कॅलरी, वर तुपाची धार वेगळी. उलट ज्याला लोक उगाच घाबरतात तो देवगडचा हापूस. मध्यम आंब्याचा दीडशे ग्रॅम गर म्हणजे शंभराच्या आसपास कॅलरी, अर्ध्या मोदकाएवढ्या. बाठा चोखून खाल्लेला एक आंबा कुठल्याही आहारात सहज बसतो. त्याचा साखर घातलेला आमरस करून सोबत पुऱ्या तळल्या की मात्र दोष आंब्याला देऊ नये.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के आढळलं आणि राज्यांत सर्वांत वर होतं आपल्या शेजारचं गोवा, २६.४ टक्के. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलं गेलं. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाने निर्धास्त राहू नये, हा त्यातला बोध मला पूर्ण मान्य आहे. कॅलरीच्या वहीत खाजा बसला म्हणजे रक्तातल्या साखरेतही बसला, असं होत नाही. मधुमेह्याला खाजा जेवणानंतर, भात कमी करून, एखाद-दोन कांड्यांपुरता. आणि तेही डॉक्टरांनी हो म्हटलं तर.

शिवाय काहींना मोजणं मुळातच जमत नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात इतकी पसरली ती त्यात वही-पेन्सिल लागत नाही म्हणून. त्यात तथ्य आहे, कारण माणूस स्वतःचं खाणं मोजताना फार चुकतो: १९९२च्या एका अमेरिकी अभ्यासात, काही केल्या वजन उतरत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितल्याचं निघालं. ज्याला पिशवी उघडली की थांबता येत नाही, त्याने घरात पिशवी आणूच नये. जत्रेत उभ्या उभ्या कागदात घेऊन खावा आणि मोकळं व्हावं. बाकीच्यांनी येत्या जत्रेला पाव किलोच घ्या, घरी आल्याबरोबर घरातल्या सगळ्यांत वाटून टाका, आणि त्या आठवड्यात चहात एकच चमचा साखर घाला.