पहिल्या दिवशी चार लाख प्रती, आणि मग अपेक्षाभंग

'बी हिअर नाऊ' हा ओएसिस या मँचेस्टरच्या बँडचा तिसरा अल्बम २१ ऑगस्ट १९९७ रोजी ब्रिटनमध्ये विक्रीला आला. पहिल्याच दिवशी त्याच्या चार लाखांहून अधिक प्रती खपल्या. शनिवारपर्यंत आकडा साडेसहा लाखांच्या पुढे गेला. तोवर तिथे कुठलाच अल्बम इतक्या झपाट्याने खपला नव्हता. पुढे मात्र जुन्या सीडींच्या दुकानांत ढिगाने मिळणारा अल्बम म्हणून तो ओळखला जाऊ लागला. चाहत्यांची एवढी निराशा का झाली?

'डेफिनेटली मेबी' (१९९४) आणि 'मॉर्निंग ग्लोरी' (१९९५) या दोन अल्बमांनी कामगार वस्तीतल्या गॅलाघर बंधूंना देशाचे लाडके करून टाकले होते. नोएल गाणी लिहायचा, लियम ती गायचा. ऑगस्ट १९९६मध्ये नेबवर्थच्या मैदानावर दोन दिवसांत अडीच लाख लोक त्यांना ऐकायला लोटले, आणि तिकिटांची मागणी तर त्याच्या कितीतरी पट होती. इतक्या मोठ्या अपेक्षेला पुरे पडणे कोणालाही अवघडच होते.

पण दोष केवळ अपेक्षांचा नव्हता. अल्बम तब्बल ७१ मिनिटांचा आहे. पहिलेच गाणे, 'डू यू नो व्हॉट आय मीन?', साडेसात मिनिटांहून लांब. हेलिकॉप्टरची घरघर आणि गिटारचा कल्लोळ ओसरून लियमचा आवाज येईपर्यंत ऐकणारा ताटकळतो. 'ऑल अराउंड द वर्ल्ड' नऊ मिनिटांच्या वर जाते, आणि संपले म्हणावे तर शेवटी वाद्यवृंद तीच चाल पुन्हा वाजवतो. गिटारवर गिटार इतके थर चढवले आहेत की बेस आणि ड्रम त्याखाली गुदमरतात. 'लिव्ह फॉरेव्हर'सारखे जुने गाणे पाच मिनिटांच्या आत सगळे सांगून मोकळे व्हायचे.

ही निराशा लगेच बोलून दाखवली गेली नाही. आधीच्या अल्बमला कमी लेखून फसलेल्या समीक्षकांनी या वेळी भरभरून कौतुक केले. सकाळी दुकानासमोर रांग लावलेल्या चाहत्याला पहिल्या ऐकण्यात रुखरुख लागली, तरी दोष आपल्याच कानांचा असेल असे वाटून तो पुन्हा पुन्हा ऐकत राहिला. हळूहळू हात जुन्या सीडीकडे वळू लागला. त्याच वर्षी रेडिओहेडचा 'ओके कम्प्युटर' आणि द व्हर्व्हचा 'अर्बन हिम्स' आल्याने फरक आणखी ठळक झाला.

आवडता बँड बदलला की चाहता रुसतो, असे सर्रास म्हटले जाते. इथे ते लागू पडत नाही. ओएसिस बदललाच नव्हता. जे आधी केले तेच त्याने अधिक लांब आणि अधिक मोठ्या आवाजात केले. निर्मितीत ओवेन मॉरिसबरोबर नोएल स्वतःच होता, आणि यशाच्या त्या शिखरावर त्याला 'इथे कापा' असे बजावणारे कोणी उरले नव्हते. पुढे २००३च्या एका माहितीपटात नोएलने कोकेनच्या काळातला म्हणून हा अल्बम झिडकारला. लियमने मात्र त्याची बाजू घेतली.

मुळात गाणी वाईट नव्हती. १९९६मध्ये मस्टीक बेटावर केलेली त्यांची साधी, कच्ची ध्वनिमुद्रणे २०१६च्या आवृत्तीत प्रसिद्ध झाली. त्याच निमित्ताने नोएलने सगळा अल्बम नव्याने मिक्स करायला घेतला, पण पहिल्या गाण्यावरच थांबला. हा अल्बम न ऐकलेल्यांनी त्या कच्च्या ध्वनिमुद्रणांपासून, विशेषतः 'स्टँड बाय मी' आणि 'डोन्ट गो अवे'पासून सुरुवात करावी.